आरशामागचा लाल उजेड

केंद्राच्या आवारातली खोली
ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार. मामींना दोनदा, कारण मागच्या पत्रात त्यांचा राहून गेला होता.

फोन करून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. शिलाईची मशीनं जन्मभर तुमच्या कानाशी घडघडली, आता फोनवर माझ्या आवाजाऐवजी तुम्हाला नुसती खरखर येते. समोर असलो तर ओठ बघून तुम्ही सगळं ओळखता, मी पुटपुटलेलंसुद्धा. पण फोनला ओठ नाहीत. म्हणून पत्र. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. आठवीत शाळा सुटली ती सुटली, ऱ्हस्वदीर्घ मात्र मी सुटू दिलेले नाहीत.

बातमी अशी, की मी खड्ड्यातून वर आलो. खोदाईच्या टोळीतून काढून मला इथल्या टेलिफोन केंद्रात जोडणीच्या टेबलावर बसवलं आहे. पण कायमचं नाही. इथल्या मुख्य जोडारी एक बाई आहेत. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांनी माझे हात बघितले, मग तोंड बघितलं आणि म्हणाल्या, “हात थरथरत नाहीत, डोकंच थरथरतं तुझं. चालेल.” एक लाईन माझ्या हातून जोडली जाऊन नीट चालू झाली, तर मी जोडारी. नाही झाली, तर पुन्हा फावडं. मला ते फावडं रोज दाराआड टेकवलेलं दिसतं.

आम्ही जोडतो ते काचेचे धागे, फायबर. एक धागा साधारण केसाएवढा. त्याच्या पोटात मधोमध आणखी एक काच असते, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी बारीक, आणि उजेड तेवढ्यातूनच धावतो. दूरच्या टोकाला एक दिवा असा भराभर उघडमीट करतो की डोळ्याला पत्ताही लागत नाही. माणसांची बोलणी, चित्रं, सगळं त्या उघडमिटीत भरलेलं असतं. दुसऱ्या टोकाचं यंत्र ती उघडमीट वाचतं, तुम्ही ओठ वाचता तसं.

जोडायची रीत अशी: धाग्याची रंगीत साल सोलायची, तो स्पिरिटने पुसायचा, टोक अगदी सपाट तोडायचं आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते आणि दोन्ही काचा वितळून एक होतात. गाठ नाही, शिवण नाही. हे तुम्हाला आवडणार नाही याची कल्पना आहे.

केबलमध्ये काचेभोवती पिवळे तंतू भरलेले असतात, ओढाताण झाली तर ती काचेवर येऊ नये म्हणून. टाकून द्यायचे होते, त्यातले थोडे सोबत पाठवतो. तुम्हाला नव्या दोऱ्याचं वेड. पण मामा, तुमच्या चांगल्या कात्रीने ते कापू नका.

तुमचा
मोजपट्टी
(तुम्ही ठेवलेलं हेच नाव इथेही पडलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं.)


दुकान
ता. ११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. कात्री गेली.

‘कापू नका’ हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. मी पाकीट उघडताच दोरा हातात घेतला, कात्री लावली आणि मग पत्र वाचायला बसलो. दोऱ्याला ओरखडा नाही, कात्रीला मात्र म्हातारपणी दात आले. असा दोरा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. याने पँटचं बटण लावलं तर पँट जाईल, माणूस जाईल, बटण जाणार नाही. जपून ठेवलाय. एखाद्या खास कामाला वापरीन.

आता मला एक सांग. उजेड सरळ जातो एवढं मला कळतं. दाराचा उजेड कोपऱ्यातल्या मशीनवर येत नाही, म्हणून तर तुझ्या मामीशी माझं आयुष्यभर भांडण. मग तुझा तो उजेड गल्लीच्या वळणावर काय करतो? थांबून रस्ता विचारतो?

आणि गाठ नाही, शिवण नाही, असं शिंप्याच्या भाच्याने तोंड वर करून सांगू नये. ज्या जोडाला गाठ नाही त्याचा भरवसा नाही. मी तुला दोन्ही शिकवलं होतं: गाठ पक्की मारायची आणि दोरा लोंबता ठेवायचा नाही.

गल्लीत मी सांगून टाकलंय, भाचा उजेड शिवायला लागला. इस्त्रीवाला म्हणाला, “मग त्याला इकडे पाठवा, माझा उजेड महिनाभर उसवलाय, खांबावरचा दिवा लागत नाही.” हसतात मेले. हसू दे. लाईन चालू होऊ दे, मग बघतो.

मामा

मामी लिहिते: जेवतोस का? ‘हो’ असं एका शब्दात उत्तर नको. काय, किती आणि कोणाबरोबर ते कळव.


केंद्राच्या आवारातली खोली
ता. २० फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी,

जेवतो. भात, आमटी, भाजी. पोटभर. शेजारच्या टेबलावरच्या उंच जोडाऱ्याबरोबर, त्याला लंबू म्हणतात. तो माझ्या वाटचंही थोडं खातो, पण ते मी दिलं म्हणून.

कात्रीचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. यापुढे महत्त्वाची सूचना पत्राच्या पहिल्या ओळीत लिहीन.

वळणाचं तुमचं म्हणणं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मामा हुशार आहेत, हा प्रश्न तू विचारायला हवा होतास. मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, ती तुम्ही घरी करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, पेला डोळ्यांच्या जरा वर धरा आणि बाजूने, खालून तिरकं, पाण्याच्या वरच्या कडेकडे बघा. पाण्यातून पलीकडचं छत दिसायला हवं ना? दिसत नाही. पाण्याचा तो पापुद्रा आरशासारखा चकाकतो. आतला उजेड फार तिरका आला तर पाणी त्याला बाहेर सोडतच नाही, सगळाच्या सगळा परत आत फेकतं. आमच्या धाग्यात आतली काच जरा दाट आणि तिच्याभोवतीची जरा विरळ. उजेड भिंतीला तिरका घासतो, आत परत येतो, पुन्हा घासतो, पुन्हा आत. भिंतच त्याला वळवत नेते. रस्ता विचारायची गरज पडत नाही.

या वळणाचीच आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे, ती कागदावर नीट उतरत नाही. समोर आल्यावर सांगतो.

हो, समोर येणार आहे. पण आधी एक फजिती. परवा मी एक जोड मारला, इतका सुरेख की मशीनच्या पडद्यावरचा गळतीचा आकडा बघून लंबूने शीळ घातली. मग मी खाली बघितलं तर बाही टेबलावर पडलेली. बाही म्हणजे बारीकशी नळी. जोडावर सरकवून तापवली की ती आवळते आणि जोड सांभाळते. पण ती जोडायच्या आधी धाग्यात ओवून ठेवावी लागते. एकदा दोन टोकं एक झाली की घालणार कुठून? तो सुरेख जोड मला स्वतःच्या हाताने तोडावा लागला. बाई म्हणाल्या, “लग्न लावलंस रे, पण नवरदेवाला कपडे घालायला विसरलास.” आता प्रत्येक जोडाआधी मी मोठ्याने ‘बाही!’ म्हणतो. माझ्या आधी बाकीचेच म्हणतात.

तर बातमी. माझ्या परीक्षेची लाईन म्हणजे तुमच्या गल्लीची लाईन. केंद्रातून निघून थेट तुमच्या पलीकडच्या दवाखान्यापर्यंत. वाटेत जोडाच्या पेटीसाठी कोरडी, आतली भिंत हवी होती. बाईंनी विचारलं, अशी कोणाची आहे? मी तुम्हाला न विचारता हात वर केला. माफ करा.

मामा, लाईन नीट चालली तर दवाखान्यातल्या मोठ्या पडद्यावर इथून माझं तोंड दिसेल, हलतं, अगदी स्वच्छ. तुम्हाला माझे ओठ दिसतील. बाईंना मी हे सांगितलेलं नाही. पण मी फावड्याला भितो त्यातली अर्धी भीती याची आहे.

तुमचा
मोजपट्टी


दुकान
ता. ९ मार्च

चि. मोजपट्टी,

आलास आणि गेलास. तुझ्यापेक्षा पोस्टमन जास्त बोलतो.

मुक्कामभर तू भिंतीकडे तोंड करून बसलास. पाठीला ओठ नसतात रे. मी विचारलं, जमलं का? पाठ हलली. मी विचारलं, चहा? पाठ हलली. मामी म्हणाली, “काम होऊ दे त्याचं, त्याचं सगळं त्या काड्यापेटीएवढ्या जागेत अडकलंय.” म्हणून गप्प बसलो. जाताना तोंड वळवलंस तर त्यावर ही मोठी मिशी! जोडारी दिसायला ठेवलीस का? वरचा ओठ पार झाकला. अर्धी वाक्यं तिच्यात अडकली.

पेटी बाकी झकास बसवलीस. तू गेल्यावर मागचा सगळा पसारा मी आवरून टाकला. इतकी वर्षं दुकानात वाढलास आणि तरी कामाच्या जागी पसारा सोडून जातोस, याचं मला नवल वाटलं. पण थकला होतास, चालायचंच. आता भिंत कशी नव्या कोटासारखी दिसते. गिऱ्हाईक विचारतं, कुठाय तुमची ती लाईन? मी म्हणतो, चांगली शिवण दिसत नसते.

कधी चालू होणार? इस्त्रीवाला रोज विचारतो.

मामा

मामी लिहिते: डबा रिकामा परत दिलास पण आतलं तू खाल्लंस की लंबूला नेलंस?


केंद्राच्या आवारातली खोली
ता. १६ मार्च

मामा, पहिल्या ओळीतच: पसारा कशाने आवरलात? हाताने की झाडूने?

काचेचे तुकडे मी मोजून झाकणाच्या बाटलीत टाकले होते, चिकटपट्टी लावून जमीनही टिपून घेतली होती. तरी एखादा राहिला असेल तर तो डोळ्याला दिसत नाही आणि बोटात गेला तर सापडत नाही. बोटात काही टोचतंय का? मामींच्या? भिंगाखाली धरून बघा. झाडलेलं कुठे टाकलंत तेही कळवा.

दुसरी गोष्ट. लाईन चालू झाली आहे, पण नीट नाही. केंद्रातून उजेड निघतो पुरा, दवाखान्यात पोचतो थोडा. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते धाग्यात उजेडाचे ठोके सोडतं आणि परत येणारा अंधूक पडसाद ऐकतं. पडसाद किती उशिरा आला त्यावरून गळती किती लांब आहे ते ओळखतं. त्याने बोट ठेवलं ते तुमच्या भिंतीवर. तिथे एकच जोड आहे. तो माझा आहे.

निघण्याआधी मी तो मोजला होता आणि चांगला होता. पण आता वाटतं, मी मोजला होता असं मला नुसतं वाटलं असेल. बाही घातली होती. ते नक्की आठवतं, कारण दुकानात मी एकटा असूनही मोठ्याने म्हणालो होतो.

लंबू तिकडे येईल आणि जोड तोडून पुन्हा मारेल. महिनाअखेर लाईन ताब्यात द्यायची आहे. तोवर बाईंनी मला मोकळ्या हवेतलं काम दिलं आहे. तब्येत उत्तम आहे, भूक चांगली लागते. काळजी करू नका.

तुमचा
मोजपट्टी


दुकान
ता. २२ मार्च

चि. मोजपट्टी,

बोटं शाबूत आहेत, दोघांची मिळून वीस. काच एकही सापडली नाही. जमीन तू इतकी टिपलीस की फरशीचा रंग उजळला.

मोकळी हवा म्हणजे खड्डा ना? मला ओठ वाचता येतात तशा ओळीही वाचता येतात, गाढवा.

तुझा लंबू आला होता. दारात वाकून शिरला, तरी डोकं आपटलंच. तुझा जोड तोडला, नवा मारला, फोनवर बोलला आणि कपाळाला हात लावला. मी समजलो, फरक पडला नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडदा लावून दाखवला, पलीकडे तू होतास, तेवढ्यापुरता केंद्रात बोलावलेला. म्हणजे अर्धा होतास. तोंड उघडलंस आणि तसाच थांबलास. मामी म्हणाली, “दाढ दुखतेय त्याची.” मग चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, चिंध्यांच्या गोधडीसारखे. वाचायला ओठच उरले नाहीत. मी खोटं बोलत नाही, मला वाईट वाटलं.

पण एक चांगली बातमी आहे, म्हणून हे पत्र. लंबूने जाण्याआधी एक लाल दिव्याचं पेन पेटीत लावलं आणि उजेड पोचतो का बघायला दवाखान्याकडे पळाला. आणि पोचला की रे! दवाखान्याचं सोड, माझ्याच दुकानात पोचला. पेटीतून बाहेर तू ती पातळ पांढरी वायर लोंबती ठेवली होतीस ना, वेटोळंच्या वेटोळं खुंटीवर? बघवेना मला. तू गेलास त्याच दिवशी मी ती लाकडी रिळावर ओळीने घट्ट गुंडाळली, तुझ्याच पिवळ्या दोऱ्याने बांधली आणि ट्रायलच्या आरशामागे नीट खोचून ठेवली. खास काम म्हणालो होतो ते हेच. तर लंबू गेला आणि आरशाला चहूबाजूंनी लाल काठ आला! मागे बघतो तर अख्खं रीळ निखाऱ्यासारखं पेटलेलं. मामीला बोलावलं, इस्त्रीवाल्याला बोलावलं. तो पहिल्यांदाच हसायचं सोडून वाकून आरशामागे बघत बसला.

लंबू परत आला तेव्हा मी त्याला म्हणालो, उजेड आलाय बरं का, सुंदर आलाय. तो डोकं चोळत “हो मामा, छान” म्हणाला आणि पेन काढून निघून गेला. चेहरा पडलेला होता. का, ते कळलं नाही. तेव्हा तू काळजी सोड. उजेड तिथवर येतोय, मी डोळ्यांनी पाहिलाय. अडचण पुढे कुठे तरी असणार.

मामा


खोदाईचा मुक्काम
ता. २५ मार्च

मामा, पहिली ओळ: वायरला कात्री लावू नका. सुरी लावू नका. ओढू नका.

तुमचं पत्र मी खड्ड्यात उभा राहून वाचलं आणि वाचता वाचता खालीच बसलो. शेजारचा म्हणाला, घरी कोणी गेलं का? मी म्हणालो, नाही, सापडलं.

मामा, उजेड दिसला म्हणजे पोचला नव्हे. दिसला म्हणजे गळला. जो उजेड पोचतो तो वाटेत कोणालाच दिसत नाही. मागे लिहिलं होतं ना, तिरका आला तरच भिंत त्याला आत परत फेकते? रिळाचं वळण इतकं लहान, की उजेड भिंतीला तिरका घासायच्या ऐवजी जवळजवळ समोरून जाऊन धडकतो, आणि भिंत त्याला बाहेर सोडून देते. प्रत्येक वेढ्याला थोडा थोडा. तुमचे वेढे तर ओळीने आणि घट्ट. दवाखान्याकडे जाणाऱ्या वायरीचं ते वेटोळं मी मुद्दामच मोठं आणि सैल ठेवलं होतं, पुढे कधी जोड पुन्हा मारावा लागला तर हाताशी वायर असावी म्हणून.

गाठ सोडवा. ती पिवळ्या दोऱ्याची आहे, कापली जाणार नाही, सोडवावीच लागेल, आणि ते तुमच्याइतकं नीट कोणाला जमणार नाही. वायर रिळावरून खेचू नका, रीळ फिरवून उलगडा. मग मोठ्या ताटाच्या काठाएवढं वेटोळं करा आणि सैल ठेवा. जेवणाचं ताट, वाटी नव्हे.

चूक माझी आहे. समोर आल्यावर सांगतो असं लिहिलं ते हेच होतं, आणि समोर आलो तर भिंतीकडे तोंड करून बसलो. लोंबता दोरा तुम्हाला बघवत नाही हे जगात मला सोडून कोणाला माहीत असणार? उद्या केंद्रात जाऊन बाईंना सांगतो की वेटोळं मीच नीट लावलं नाही. तुमचं नाव निघणार नाही. गल्लीत तुम्ही इतकं सांगून ठेवलं आहे, कोणी हसायला नको. मला फावडं मिळालं तरी चालेल. हात आता सरावले आहेत.

तुमचा
मोजपट्टी


दुकान
ता. २७ मार्च

जोडणीच्या बाईंना शिंप्याचा नमस्कार.

आपली ओळख नाही. मी मोजपट्टीचा मामा. तुमची लाईन मी आजारी पाडली. जोड त्याचा, दोरा त्याचा, पण रीळ माझं आणि गाठ माझी. तेव्हा फावडं द्यायचंच असेल तर मला पाठवा, वय झालंय पण खोल नसेल तर जमेल.

भाचा तुम्हाला सांगेल की चूक त्याची. त्यावर विश्वास ठेवू नका, त्याला सवय आहे. लहानपणी शेजारच्या दुकानात सुई मोडली तरी हा इकडून माफी मागायचा.

काल मी गाठ सोडवायला बसलो. कोटाच्या बटणाला मारतो ती माझी पक्की गाठ, इतकी वर्षं जिचा गर्व केला ती. स्वतःच्या गाठीशी भांडायची पाळी पहिल्यांदा आली. सुईचं टोक घालून एकेक पेड सैल केला. गिऱ्हाईकं आली आणि तशीच गेली. मामी मागे उभी राहून “अशी गाठ मारतं का कोणी” हे म्हणत होती, ते आरशात दिसत होतं. शेवटी सुटली. वेटोळं आता ताटाच्या काठावर आहे, ताट भिंतीवर आहे आणि घरात जेवायला एक ताट कमी आहे. इस्त्रीवाल्याला मी सगळं खरं सांगितलं. पोटभर हसला. हसू दे.

एवढीच विनंती. कपड्यात चूक झाली तर मी उसवतो आणि पुन्हा शिवतो. पोराची उमेद उसवली, तर पुन्हा शिवायला दुसरं कापड कुठून आणू?

मामा


केंद्र
ता. ३० मार्च

मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. लंबू टेबलाखाली गेला. एवढ्या उंचीला ते सोपं नव्हतं.

तुमचा भाचा तुमच्या पत्राच्या आधीच माझ्यासमोर येऊन उभा होता. अंगावर माती, आणि म्हणे, वेटोळं मीच नीट लावलं नाही. आता एकाच गुन्ह्याचे दोघे कबुलीदार. शिक्षा कोणाला द्यायची?

तिसरीही आहे. धाग्यातून आम्हाला दोन तऱ्हांचे उजेड पाठवता येतात, डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत. जोड वाईट असेल तर दोन्ही जवळपास सारखेच घटतात. वळण घट्ट असेल तर एक फारच जास्त गळतो. दोन्हींनी मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी घाईत एकानेच मोजलं. तुमचं रीळ आणि त्याचा जोड इतके शेजारी होते की यंत्राला ते एकच वाटले, आणि मी पोराच्या हातात फावडं दिलं. ते परत घेतलं आहे.

आज दोन्हींनी मोजलं. लाईन उत्तम आहे. लंबूने तोडला तो जोड त्याच्या नव्या जोडापेक्षा सरस होता, हे मी लंबूला सांगितलं आहे.

तुमचा भाचा आजपासून जोडारी. आणि आमच्याकडे एक नवी रीत सुरू झाली: ज्याच्या भिंतीवर पेटी लावायची, त्याला आधी ताट दाखवायचं. तुमचं ताट आम्हाला हवं तिथेच राहू द्या. मामींसाठी दुसरं पाठवते.

बाई


दुकान
ता. ६ एप्रिल

चि. जोडारी,

हे लिहिताना ‘मोजपट्टी’ लिहायला गेला होता हात. आवरला.

काल तुला पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या रुग्णांना थांबवलं, तर तेही खोकला गिळून बघत बसले. पडदा लागला आणि तू आलास. काय सांगू! शर्टाच्या कॉलरची शिवण दिसली. डावी बाजू जरा वर आहे, कोणी शिवलाय? हाताच्या तळव्यावरचे फोड दिसले. ‘मोकळी हवा’! पत्रात हात दिसत नाहीत म्हणून काहीही लिहितोस.

आणि मग तू खिशातून कागद काढलास आणि मान खाली घालून वाचायला लागलास. इतक्या दुरून, काचेच्या केसातून, इतका उजेड धावत आला आणि मला काय दाखवलं? तुझा भांग. भांग चांगला होता. मामी म्हणाली, “शुद्धलेखन तपासून आणलेलं दिसतंय.”

पण शेवटी तू कागद ठेवलास आणि बाजूला वळून बाईंना काही बोललास. तुला वाटलं, हळू बोललं म्हणजे मामाला कळत नाही. अरे, मला मोठं काय आणि हळू काय! तू म्हणालास, “जोड खराब निघाला असता, तर मी यांना पुन्हा तोंड दाखवलं नसतं.”

स्वच्छ वाचलं मी. मिशीतून वाचलं.

तेव्हा आता नीट ऐक. तुझं तोंड बघायला मी दवाखान्यात जाऊन बसलो, तुझा जोड बघायला नव्हे. जोड चांगला निघो, वाईट निघो, फावडं मिळो की मशीन मिळो, दर रविवारी तोंड दाखवायचं. कागद न घेता. डॉक्टरीणबाईंनी होकार दिलाय. आणि मी तरी तुला कोणत्या तोंडाने बोलतो? लाईन आजारी पाडली ती मी. तरी बसलोच ना समोर जाऊन, दाढी करून?

मामा

मामी लिहिते: नवं ताट पोचलं. भिंतीवरच्यापेक्षा मोठं आहे, तेही भिंतीवर लावायला तुझे मामा निघाले होते, मी हात धरला. रविवारी जेवतानाच बस पडद्यासमोर. काय, किती आणि कोणाबरोबर ते मीच बघते.


केंद्राच्या आवारातली खोली
ता. ९ एप्रिल

मामा, पहिली ओळ: मिशी काढली.

लंबू म्हणतो, पुन्हा आठवीतला दिसायला लागलास. या पत्राचं शुद्धलेखन एकदाच तपासलं आहे. बाकीचं रविवारी.

तुमचा
मोजपट्टी